कोरडी येईन

औसा,
ता. २० फेब्रुवारी १९८३

चि. सौ. रुद्राणीस,

'अनेक आशीर्वाद' असं लिहायची रीत हाय म्हणते तुझी आई. मी एकच पाठवते. पुरवून वापर, दुष्काळ हाय.

तुझं पत्र तुझ्या आईनं वाचून दाखवलं, मधी थांबून डोळे पुसत. मी न्हाई पुसले. पाय सुजायलेत आन् जावई पाय दाबून देतात, हे पत्रात लिहायचं असतंय व्हय गं? तुझ्या आज्जानं माझे पाय एकदाच धरले, ते बी मी गाडीतनं घसरले तवा.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण हितं टँकर आला तर आला. बाळंतिणीला न्हाऊ घालाय पाणी कुठनं आणू? तू तितंच नांदेडला बाळंत हो, तुझी आई येईल, हे ठरलं ते बरं झालं.

राहिलं माझं. 'आज्जी, लेकराला लिंग तुझ्याच मांडीवर बांधायचं,' असं तू लिहिलंस. आपल्या घरात थोरल्या बाईच्या मांडीवर लेकरू ठेवल्याबिगर स्वामी गळ्यात लिंग बांधत न्हाईत, मला काय ठाऊक न्हाई? तुला बांधलं तवा माझीच मांडी होती, आन् तू असं भोकाड पसरलंस की स्वामी मंतर विसरले. पण यंदा माझं येणं जमायचं न्हाई. एक तर शेळी गाभण हाय. गुडघे धरायलेत. एसटीत मळमळतंय. आन् टँकरच्या रांगेत घरचं कुणी नको का? तुझ्या सासूच्या मांडीवर बांधा. तिची मांडी माझ्याहून रुंद हाय, लेकरू ऐसपैस मावेल.

आन् पत्त्यावर आता जिल्हा लातूर घालत जा. तू अजून उस्मानाबाद घालतीस, पत्र तिकडं फिरून येतं. आपण नवा जिल्हा झालोत. पाणी तेवढं जुनंच हाय, म्हणजे न्हाईच.

तुझी आज्जी
उमाबाई

ता. क. – रुद्राणी, हे पुढचं आत्याबाईंनी सांगितलेलं नाही, मी माझ्या मनानं लिहिते. शेळी आपण दिवाळीलाच विकली. आत्याबाई पाणी जवळजवळ पीतच नाहीत. लुगडं रोज स्वतः धुतात, मला हात लावू देत नाहीत, खोलीतही येऊ देत नाहीत. देवळात जाणं सोडलं. संक्रांतीपासून पूजेला बसतात, पण लिंग तळहातावर घेत नाहीत, नुसते हात जोडतात. मला वाटतं, त्यांना लघवी धरवत नाही. मी सून, मला त्या कधीच सांगायच्या नाहीत. तू नर्स आहेस, काहीतरी कर. पण मी सांगितलं असं लिहू नकोस. – तुझी आई, महादेवी


नांदेड,
ता. ९ मार्च १९८३

ती. आज्जीस रुद्राणीचा नमस्कार.

या वेळी जिल्हा लातूर घातला आहे. बघ किती लवकर पोचतं ते.

मी ठीक आहे. सहावा संपत आला. अजून ड्यूटीवर जाते, पण मोठ्या बाई, आमच्या मेट्रन, मला खुर्चीवरूनच काम करायला लावतात. आमच्या बायकांच्या वॉर्डात परवा नायगावकडच्या एक आजी आल्या होत्या. त्यांचं दुखणं असं, की शिंकल्या-खोकल्या तरी लघवी व्हायची, आणि लागली की न्हाणीपर्यंत पोचायच्या आत सुटायची. चार वर्षं कुणाला बोलल्या नाहीत. म्हणे, म्हातारपण आहे, केस पिकले तसं हे. मोठ्या बाई त्यांना म्हणाल्या, 'केस पिकल्यावर औषध नाही, याच्यावर आहे.' काहींना नुसतं आवळण्या-सोडण्याच्या व्यायामानं बरं वाटतं, काहींना गोळ्या लागतात, क्वचित कुणाला ऑपरेशन. पण गप्प बसण्यानं कुणालाच बरं वाटत नाही.

सहज आठवलं म्हणून लिहिलं. शेळीला काय झालं, पाट की बोकड, कळव.

तुझी
रुद्राणी


औसा,
ता. १७ मार्च १९८३

चि. रुद्रे,

शेळीला बोकड झाला. चांगला तुझ्यासारखा खोटारडा.

मला अक्षर कळत न्हाई म्हणजे काहीच कळत न्हाई असं तुम्हा माय-लेकींना वाटतंय. मागल्या पत्राला मी 'उमाबाई' म्हणून थांबले, आन् लेखणी आपली चालतच राहिली. इचारलं, काय लिहायलीस? म्हणाली, पत्ता. अगं, एवढा लांब पत्ता नव्या कलेक्टरचा बी नसंल! तवाच समजले. मग तुझी ती नायगावची म्हातारी आली. मला तर ती औशाचीच वाटायली. तिला माझा निरोप सांग, चहा कमी पी म्हणावं.

आता रीत बदलली. तुझी आई लिहिते, मग पहिल्यापासून वाचून दाखवते, आन् मी डोळा तिच्या बोटावर ठेवते. तिनं आज मान खाली घालून कागद घेतला. मी म्हणले, वर बघ. चहाडी केलीस ती माझ्या भल्याचीच. पुढल्या खेपेला समोर कर.

अब्रू टपालात पडलीच हाय, तर ऐक. हाय. शिंकले की हाय, खोकले की हाय, घागर उचलली की हाय, आन् हसले तर हायच हाय. म्हणून हसणं सोडलं. गल्ली म्हणायली, उमाबाई पोक्त झाल्या, आता शोभतात. कधी कधी तर काहीच न करता, नुसतं न्हाणीचं दार दिसलं की सुटते. पाणी प्यायचं सोडलं. म्हणले दुष्काळाचं साल हाय, घरचं पाणी बी वाचंल आन् लुगडं बी. पण ती काय ऐकती? थेंबानं येती, आन् आता जळजळती बी. वर लुगडं धुवाय पाणी लागतंच. रांगेतल्या बाया इचारतात, तीन माणसांचं घर, एवढं काय धुतीस? भांडी धुतलेल्या पाण्यात लुगडं धुणारी म्हातारी औशात मी एकटीच असंन.

तुला खरं सांगू का. गुडघ्याचं न्हाई, मळमळीचं न्हाई. नांदेड म्हणजे अर्धा दिवस एसटी. फळकुटावर बसून, पुढं-मागं माणसं. आन् पोचले तरी काय? नवं लेकरू, त्याच्या गळ्यात बांधायचं नवं लिंग, आन् खाली माझी ही मांडी. रोज सकाळी मला स्वतःचं लिंग हातावर घ्यायचा धीर होईना झालाय. ते तर लेकराचं. न्हाई माय. त्या पाटावर वल्ली बसण्यापरीस मी हितं कोरडी बसते.

तरी ते आवळायचं काय म्हणलीस, ते लिही. करीन म्हणत न्हाई. ऐकून घेईन.

तुझी आज्जी

(आत्याबाईंनी जागोजागी दुसरा शब्द सांगितला होता, मी तिथं 'ती' लिहिलं आहे. – महादेवी)
(हे बी वाचून दाखवलंय. लिहू दे. शाळेत गेलेल्यांना लाज जास्त असती.)


नांदेड,
ता. २४ मार्च १९८३

ती. आज्जीस,

तू सांगितलंस. आता पुढचं माझ्यावर सोड, पण सांगीन तसं कर. तुझ्यावर हुकूम चालवायची संधी पुन्हा मिळायची नाही.

आधी आईला घेऊन लातूरला दवाखान्यात जा. सोबत चिठ्ठी ठेवली आहे, ती तिथल्या डॉक्टरीणबाईंना दे. त्या लघवी तपासतील, साखर बघतील, आणि अंग, म्हणजे गर्भाशय, खाली उतरलं आहे का तेही बघतील. तपासू दे. बाई आहेत. तू गल्लीत कितीजणींची बाळंतपणं केलीस, त्या काय तुला लाजत होत्या?

पाणी तोडू नको. कमी प्यायलं की लघवी कडक होते, लघवीच्या पिशवीला चावते, आणि पिशवी जास्तच घाई करते. दिवसभर थोडं थोडं पी. चहा मात्र तोड. पोट साफ ठेव, कुंथायची पाळी आणू नको.

आता व्यायाम. पुराण ऐकायला बसली आहेस आणि मध्येच वारा सरायला लागला, तर काय करतेस? आवळून धरतेस ना? तेच. मागचं आणि पुढचं, दोन्ही आतून वर ओढायचं. बाबांना दुकानातून जेवायला बोलावतेस ना, तशी 'अण्णाऽऽऽ' अशी लांब हाक मनातल्या मनात मारायची, आणि ती संपेपर्यंत धरायचं. मग पुरतं सोडायचं. सोडणंही तेवढंच महत्त्वाचं. श्वास कोंडायचा नाही, पोट आणि मांड्या ताणायच्या नाहीत, तोंड वाकडं करायचं नाही. समोरच्याला कळलं तर तू चुकीचं करते आहेस असं समज. सकाळी, दुपारी, संध्याकाळी कर, आणि शिंक यायच्या आधी आवळ.

शिवाय पिशवीला वळण लावायचं. ती बोलावते तेव्हा धावत जायचं नाही, तू ठरवशील तेव्हा जायचं. घड्याळ तुला कळत नाही, पण तहसिलीत तासाचा टोल पडतो तो घरात ऐकू येतो. सुरुवातीला दर टोलाला जा, लागली असो नसो. जमलं की एक टोल सोडून. मध्येच कळ आली तर पळू नको. जिथं असशील तिथं थांब, बस, आवळ. लाट ओसरते. मग सावकाश चालत जा.

फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. माझे दिवसही तेवढेच राहिलेत. म्हणजे आपण दोघी एकाच वेळी निघालो आहोत.

आणि लिंगाचं. आज्जी, मी पहिल्यांदा बाजूला बसले ते आठवतं का? शेजारच्या मुली बसतात तशी मीही न्हाणीजवळ पोतं टाकून बसले होते. तू बाहेरून आलीस, हाताला धरून मला आत ओढलंस आणि लिंग माझ्या तळहातावर ठेवलंस. म्हणालीस, 'लिंगवंताला सूतक न्हाई पोरी. रक्ताचं न्हाई, मढ्याचं न्हाई, कशाचंच न्हाई. देव अंगावर घालून फिरतो आपण, तो काय अंगाला भितो?' मी ते वसतिगृहात कितीजणींना सांगितलं. मग आता हे पाण्याचं सूतक तू कुठून काढलंस?

तुझी
रुद्राणी


औसा,
ता. २१ एप्रिल १९८३

चि. रुद्रे,

तुझं पत्र आलं त्या सांजेला मी न जेवताच आडवी झाले. तुझ्या आईला वाटलं, चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसले आन् लिंग हातावर घेतलं. लुगडं कोरडं हुतं का? नव्हतं. देव काही बोलला न्हाई. मला माझ्याच शब्दांनी मारलंस गं. नातीला शिकवावं ते जपून.

लातूरला जाऊन आले. डॉक्टरीणबाई तुझ्याएवढीच पोर, पण हात हलका. म्हणाली, साखर न्हाई. अंग जरासं उतरलंय, पण शिवायची गरज न्हाई. पाणी न पिल्यानं आत खराबी झालीय, गोळ्या घ्या. घेतल्या. जळजळ गेली. मी तिला म्हणले, माय, आता सांग, मी जूनपर्यंत नांदेडला जाऊ शकते का? ती म्हणाली, 'आजी, ते माझ्या नाही, तुमच्या हातात आहे.' हातात कुठलं, म्हणले, हातात असतं तर कवाच धरलं असतं. ती खुर्चीवर मागं रेलून हसली. मी आधी आवळलं आन् मग हसले. निम्मं साधलं.

तुझा बाप तिकडं दुकानात गूळ तोलायला आन् मी हितं मनात त्याला हाका मारायले. एवढ्या हाका तो लहान असताना बी मारल्या न्हाईत. त्याला उचकी कशी लागत न्हाई, नवल हाय. पहिले कितीतरी दिस मी पोटच आवळायची, आन् श्वास कोंडून डोळे वटारायची. परवा टँकरच्या रांगेत जन्नतबी, आपली शेजारीण, बांगड्यावाली, ती तोंडाकडं बघून म्हणाली, 'क्या गे उमा, भूत बघायलीस का?' मी म्हणले, व्यायाम करायले. 'कायका?' मग कानात सांगितलं. ती इतकी हसली, इतकी हसली, की घागर खाली ठेवून रांग सोडून घरी पळाली. का पळाली ते मला कळलं. आता ती बी करती. रांगेत आम्ही दोघी अशा शांत उभ्या राहतो की टँकरवाला म्हणाला, या दोन म्हाताऱ्या भांडत न्हाईत, यांना आधी पाणी द्या.

आन् तुझी आई. पत्र लिहिताना तिनं हे वगळायचं ठरवलं हुतं, मी बोटावर डोळा ठेवून हाय. चार बाळंतपणं झाली तिची. घागर उचलताना ती बी ओठ चावती, ते मी कवापासून बघते. काल म्हणले, सूनबाई, तू बी मार तुझ्या नवऱ्याला हाका. तर लाल झाली.

(हे खरं आहे. पण हे जावयांना वाचून दाखवू नकोस. – महादेवी)

चहा एका वेळेवर आणला. हे सगळ्यात अवघड. आवळणं सोपं, चहा सोडणं अवघड. टोलाचं जमायलंय. पहिल्यांदा मी कळ आली की पळायचीच, सवय ती. आता उंबऱ्यात बसते, आवळते, आन् पिशवीला म्हणते, गप, अजून टोल पडला न्हाई, तू काय तहसीलदार लागून गेलीस? कधी ऐकती, कधी न्हाई. खरं सांगायचं तर अजून लई फरक न्हाई. लुगडं रोज धुते. निदान आता चोरून न्हाई. तुझी आई पाणी ठेवती.

पण सासूच्या मांडीचं मी लिहिलं हुतं ते खोडून टाक. मी येणार. एसटीनं येईन आन् कोरडी येईन.

तुझी आज्जी


औसा,
ता. २९ मे १९८३

चि. रुद्रे आन् सूनबाई महादेवी, दोघींना.

सूनबाई तुझ्याकडं आल्यापासून माझी लेखणी गेली. हे पत्र जन्नतबीची सून साबेरा लिहायली. ती उर्दू शाळेत मास्तरीण हाय, मराठी अक्षर तुझ्या आईपरीस ठळक काढती. तिला मी आधीच म्हणले, पोरी, यात जे येईल ते लिही आन् पोटात ठेव. ती म्हणाली, 'अम्मानं सगळं सांगितलंय, आज्जी.' म्हणजे झालं. औशात आता फक्त तहसीलदाराला ठाऊक व्हायचं राहिलं.

बातमी अशी. एका टोलावरनं दोनवर आले. लुगडं कधी कधी सांजेपर्यंत कोरडं राहतं. मग मी ठरवलं, नांदेडला एकदम जायचं न्हाई, आधी परीक्षा द्यायची. अण्णाला म्हणले, सगळं गाव नवा जिल्हा बघून आलं, मलाच कुणी नेत न्हाई. तो खूश. म्हणाला, चला आई, कलेक्टर कचेरी दाखवतो. एसटीत बसलो. निम्म्या वाटेपर्यंत मी शेर. मग गाडी खड्ड्यात आपटली, मागं बसलेल्या बाईचं लेकरू जोरात वरडलं, मी दचकले, आन् गेलं. लातूरच्या स्टँडावर उतरून थेट मुतारीत गेले. पिशवीत दुसरं लुगडं हुतं, बदललं. भाईर आले तर अण्णा म्हणाला, चला कचेरी बघू. मी म्हणले, बघितला जिल्हा, चल घरी. नव्या जिल्ह्याचं मी एवढंच बघितलं, स्टँडावरची मुतारी. कलेक्टरला कुणी भेटलं तर सांगा, तिच्या दाराला कडी न्हाई.

परतीला खिडकीकडं तोंड करून बसले. अण्णा म्हणाला, आई, डोळ्यात धूळ गेली का? हाव म्हणले.

दोन दिस काही केलं न्हाई. व्यायाम न्हाई, टोल न्हाई, काही न्हाई. म्हणले, सांगते पत्रात, सासूच्या मांडीवर बांधा. साबेराला कागद घेऊन बसवलं बी. 'चि. रुद्राणीस' एवढं झालं, आन् जन्नतबी आत आली. म्हणाली, 'खड्ड्यावर किती वेळा आपटली गाडी?' लई वेळा, म्हणले. 'आन् तू किती वेळा भिजलीस?' एकदाच. 'मग बाकीच्या वेळा कोण धरून बसलं हुतं, ड्रायवर?'

तो कागद फाडला. हा दुसरा हाय.

चार दिसांनी पुन्हा लातूरला गेले. अण्णा म्हणाला, आता काय राहिलं बघायचं? म्हणले, मागल्या खेपेला घाईत बघितला. या खेपेला मी गाडी आपटायच्या आधी आवळायची. रस्ता बघत बसले, खड्डा दिसला की अण्णाऽऽऽ. तो शेजारीच बसलेला, तरी मनात हाका मारायले. जाताना कोरडी. येताना कोरडी. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायले, चवीनं.

हिशेब असा: औसा ते लातूर एक पल्ला, तितं उतरायचं. लातूर ते अहमदपूर दुसरा, तितं उतरायचं. मग लोहा. मग नांदेड. लेकराला सांग, जरा दम धर, पणजी खड्डे पाठ करायली.

तुझी आज्जी


नांदेड,
ता. १४ जून १९८३

ती. आत्याबाईंना महादेवीचा नमस्कार.

काल दुपारी रुद्राणी सुखरूप बाळंत झाली. मुलगी. नाक तुमचं आहे, दुसरं काही सांगत नाही. बाराव्या दिवशी पाळणा आणि लिंग एकाच दिवशी करायचं ठरलं आहे. माणिकप्पा स्वामींना निरोप गेला. विहीणबाई मला म्हणाल्या, 'थोरल्या आजींना एवढा प्रवास झेपेल का? नाहीतर मी बसते पाटावर.' मी काही बोलायच्या आत रुद्राणी खाटेवरून म्हणाली, 'पाट आज्जीचा आहे. त्या नाही आल्या तर रिकामा ठेवू.'

मी इथं रोज सकाळी ह्यांना हाका मारते. विहीणबाई विचारतात, एवढ्या शांत कशा बसता तुम्ही? मी सांगितलं, औशाची रीत आहे.

या.

महादेवी


औसा,
ता. ३ जुलै १९८३

चि. रुद्रे,

पोचले. येताना अण्णानं इचारलंच, 'आई, दर स्टँडावर उतरून काय बघायलीस?' म्हणले, तुझं राज्य बघायले बाबा, उद्या मेले तर देवानं इचारलं तर सांगाय नको? तो बापडा दर खेपेला माझी पिशवी धरून उभा राहिला. लेक गुणाचा हाय, फक्त त्याला काही कळत न्हाई, आन् कळू बी नये.

एसटीनं येईन म्हणले हुते, आले. कोरडी येईन म्हणले हुते, आले. तू दारात उभी हुतीस, लेकरू छातीशी धरून. मला बघून आधी माझ्या लुगड्याकडं बघितलंस आन् मग तोंडाकडं. नर्स ती नर्सच.

पण हे पत्र त्याच्यासाठी न्हाई. साबेराला म्हणले, आज मी सांगते ते जसंच्या तसं लिही.

पाटावर बसले. तू लेकरू मांडीवर ठेवलंस. एवढंसं, गरम, मांजरीच्या पिल्लागत. तुझ्या सासूबाई बाजूला पदर सावरून बसल्या हुत्या, म्हातारी कवा दमती बघत. मी टोल धरूनच बसले हुते, आधी जाऊन आले हुते, सगळं रीतीनं. स्वामींनी लिंग काढलं, दोरा ओवला, आन् माझ्याकडं बघून लई गंभीर आवाजात म्हणाले, 'पणजीबाई, घट्ट धरा हां, सैल सोडू नका.'

आता मला सांग. तीन महिने मी दुसरं काय करायले? मला तुझ्या आईचं तोंड दिसलं. ती बी पदर तोंडात कोंबून. मग मला धरवेना. हसू बी धरवेना आन् ती बी धरवेना.

थोडीच. पण गेली.

त्या घडीला, रुद्रे, मनात आलं, उठावं. लेकरू कुणाच्या तरी हातात द्यावं आन् न्हाणी गाठावी. याच घडीच्या भ्यानं तर मी शेळीला गाभण केलं हुतं. पण स्वामींचा हात लेकराच्या गळ्याशी हुता आन् गाठ अर्धी झाली हुती. म्हणले, उमाबाई, नातीला हाताला धरून आत ओढलंस तवा काय म्हणली हुतीस? बसले. गाठ पुरी होईस्तोवर हलले न्हाई. लिंग लेकराच्या छातीवर टेकलं, वर लेकरू, खाली वल्लं लुगडं, आन् मधी मी. काही बुडालं न्हाई. उलट लेकरू झोपलं. तुझ्यावानी भोकाड न्हाई पसरलं.

तुझ्या सासूबाईंची नजर घारीची. लेकरू उचललं तशा म्हणाल्या, 'अगं बाई, आजींचं लुगडं भिजलं!' मी तोंड उघडायच्या आत स्वामी हसून म्हणाले, 'पणतीनं पणजीला न्हाऊ घातलं, पुण्य लागलं.' सगळे हसले. मी बी हसले. जगात येऊन बारा दिस झाले न्हाईत तर पोरीवर पहिला आळ आला, तो बी पणजीनं घातलेला. बाईच्या जातीला आळ चुकत न्हाई, तिला आत्ताच सवय झालेली बरी. मोठी झाली की तिला सांग, मग ती मला काय म्हणायचं ते म्हणू दे. तवर जगायचा माझा इचार हाय.

डॉक्टरीणबाईकडं पुन्हा जाऊन आले. तिला बी सांगितलं. म्हणाली, 'आजी, हसताना थोडं राहीलही, व्यायाम सोडू नका.' सोडते कशाला. अण्णाला हाका चालू हायत. जन्नतबी आता दोन टोल सोडून जाती आन् गल्लीभर ऐट मारती. हितं टँकर अजून येतोय, पण मी पाणी पिते, पोटभर.

एक गोष्ट राहिली. तुझ्या सासूबाई तसं म्हणाल्या तशी तू चटकन पुढं झालीस, लेकराला घेतलंस, सगळ्यांदेखत दुपटं पसरलंस आन् लंगोट सोडलास. मी पाटावरच हुते, अगदी जवळ. लंगोट कोरडा ठणठणीत हुता. तू तो हाताला लागताच माझ्याकडं बघितलंस. मग 'किती गं भिजवलंस' म्हणत कोरडा लंगोट काढलास, आन् दुसरा कोरडा लंगोट बांधलास.

मला अक्षर येत न्हाई, पण तेवढं वाचलं.

तो काढलेला धुवाय टाकला नसशील ना? तितं गोदावरी हाय म्हणून पाणी नासू नको.

तुझी आज्जी
उमाबाई